इसाराचा पैसा कोणाचा?

घर पाहिलें, पसंत पडलें, इसार दिला, आतां चिंता मिटली, असें भाडेकरूला वाटतें; आणि पुष्कळदां खरी चिंता त्याच घटकेपासून सुरू होते. इसार देण्याची चाल महाराष्ट्रांत जुनी आहे. जमिनीचा सौदा असो, बैलाची खरेदी असो, कीं लग्नाची वाजंत्री ठरवावयाची असो, बोलणें पक्कें झालें याची खूण म्हणून कांहीं रक्कम अगोदर हातावर ठेवली जाते. कोणी तिला विसार म्हणतात, कोणी बयाणा म्हणतात. आणि हल्लीं भाड्याच्या घरांच्या व्यवहारांत तिला टोकन हें सुटसुटीत नांव पडलें आहे. नांव बदललें, वस्तु तीच राहिली. मात्र पूर्वीं इसार देणारा व घेणारा हे बहुधा एकाच पंचक्रोशींतले असत, आणि साक्षीला चार माणसें असत. आज देणारा परगांवचा असतो, घेणारा त्याला कालपरवां भेटलेला असतो, आणि साक्षीला कोणीच नसतें. म्हणून सौदा फिसकटला कीं प्रश्न उभा राहतो: हा पैसा आतां कोणाचा?

हा प्रश्न जेथें वारंवार उठावा अशी परिस्थिति आहे, असा एक भाग म्हणजे पालघर आणि बोईसर-तारापूर. पश्चिम रेल्वेच्या मार्गावर पालघर व बोईसर यांच्या दरम्यान उमरोळी हें एकच स्टेशन आहे. १९६९ सालीं तारापूर येथें देशांतील पहिलें अणुविद्युत् केंद्र सुरू झालें, आणि बोईसरच्या लगत तारापूर याच नांवाची औद्योगिक वसाहत वाढली. तींत रसायनें, औषधें, पोलाद व कापड यांचे कारखाने आहेत. २०१३ च्या एप्रिलांत मुंबईची उपनगरी गाडी डहाणूपर्यंत धांवूं लागली. १ ऑगस्ट २०१४ रोजीं ठाणें जिल्ह्यांतून पालघर हा स्वतंत्र जिल्हा निघाला, आणि त्याच्या कचेऱ्यांबरोबर नोकरदारांचीं कुटुंबेंही आलीं. परक्या मनुष्याची येथें पहिल्याच दिवशीं थोडी त्रेधा उडते. नेमणुकीच्या पत्रावर तारापूर असें लिहिलेलें असतें, गाडींतून उतरावयाचें मात्र बोईसरला. आणि मूळचें तारापूर गांव तर तेथून दूर, समुद्रकांठीं. अशा वेळीं सरावली, खैरापाडा, पास्थळ यांतलें कोणतें ठिकाण कारखान्याला जवळ, पाणी कोठें पुरतें, रात्रपाळी करून परततांना कोणता रस्ता बरा, हें सांगणारा दलाल त्याला देवासारखा भेटतो.

दलालाचा धंदा वाईट नाहीं. अनोळखी भाडेकरू आणि दूर राहणारा घरमालक यांची गांठ घालून देण्यांत श्रम आहेत, आणि त्या श्रमांचें मोल घेणें रास्त आहे. बहुसंख्य व्यवहार सुरळीत पार पडतात, म्हणूनच हा धंदा चालतो. प्रश्न आहे तो जे व्यवहार अर्ध्यावर मोडतात त्यांचा.

एक कल्पित उदाहरण घ्यावें. नाशिककडील एका तरुणास बोईसरच्या कारखान्यांत काम मिळालें आहे, आणि सोमवारीं हजर व्हावयाचें आहे. शुक्रवारीं दलालानें त्याला एक खोली-स्वयंपाकघर दाखविलें. भाडें महिना ९,००० रुपये. खालीं आणखी दोन गिऱ्हाइकें उभीं आहेत असें सांगून दलालानें ५,००० रुपये टोकन मागितलें, आणि तरुणानें तें मोबाइलवरून तत्काळ पाठविलें. रविवारीं रात्रीं निरोप आला कीं मालकाचा भाचा तेथें राहावयास येणार आहे. मग पैसे मागितले असतां प्रथम उत्तर मिळतें कीं दुसरें घर दाखवितों. पुढें कळतें कीं पैसे मालकाकडे दिले. त्यानंतर पुढच्या आठवड्याचा वायदा होतो, आणि शेवटीं फोन उचलला जात नाहीं. नवी नोकरी, रजा नाहीं, वकिलाची फी रकमेहून मोठी. तेव्हां तरुण हताश होऊन तो विषय सोडून देतो. पांच हजार रुपये ही रक्कम भांडण्यास लहान आणि गमावण्यास मोठी आहे. आणि अप्रामाणिक दलालाचा सारा हिशेब या एकाच गणितावर उभा असतो.

हें गणित मोडावयाचें तर तीन प्रश्न विचारावे लागतात. पैसा कोणासाठीं घेतला? कशाबद्दल घेतला? आणि बोलणें कोणी मोडलें?

पहिला प्रश्न कोणासाठीं, हा. दलालानें मालकाच्या संमतीनें व मालकाच्या नांवानें पैसे घेतले असतील, तर १८७२ च्या भारतीय करार कायद्याप्रमाणें तें मालकानेंच घेतल्यासारखें होतें, आणि परत देण्याची जबाबदारी मालकावर येते. पण मालकानें सांगितलेंच नसतां दलालानें परस्पर रक्कम घेतली असेल, तर ती त्याच्यापाशीं राहिलेली देणाऱ्याची ठेव होय, आणि जाब त्याला स्वतःला द्यावा लागतो. म्हणून "पैसे मालकाकडे गेले" असें उत्तर मिळतांच भाडेकरूनें मालकाचें नांव, पत्ता व रक्कम पोंचल्याचा पुरावा मागावा. खरें असेल तर पुरावा मिळतो. नसेल तर उत्तर बदलतें, आणि बदललेलें उत्तर हाही एक पुरावाच असतो.

दुसरा प्रश्न कशाबद्दल, हा. टोकन, अनामत आणि दलाली या तीन वेगळ्या रकमा आहेत, आणि त्यांची सरमिसळ होऊं देणें हेंच बहुतेक भांडणांचें मूळ आहे. टोकन म्हणजे करार होईपर्यंत घर दुसऱ्यास न देण्याबद्दलची खूण. अनामत म्हणजे ताबा मिळाल्यानंतर घराच्या नुकसानीसाठीं ठेवलेली रक्कम. दलाली म्हणजे घर मिळवून दिल्याबद्दलचा मोबदला. घर मिळालें नाहीं तर अनामतीचा प्रश्न उद्भवत नाहीं. आणि दलालीविषयीं करार कायद्याचें २१९ वें कलम असें सांगतें कीं विशेष ठराव नसेल तर काम पुरें झाल्याशिवाय अडत्याचा मोबदला देय होत नाहीं. अर्थात् घर दाखविण्याचे श्रम झाले म्हणून टोकन दलालींत वळवून घेतलें, हा युक्तिवाद तसा ठराव अगोदर झालेला असल्यावांचून टिकणारा नाहीं.

तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा: बोलणें कोणी मोडलें? इसार हा देणाऱ्याच्या वचनाचें तारण असतो. वचन मालकानें मोडलें, किंवा दलालानें एकच घर दोघांना कबूल केलें, तर रक्कम ठेवून घेण्यास आधारच उरत नाहीं. ती पूर्ण परत व्हावयास पाहिजे. पण भाडेकरूनेंच माघार घेतली तर काय? येथें न्याय एकाच बाजूस नसतो हें कबूल केलें पाहिजे. मालकानें त्याच्या शब्दावर विसंबून घर रिकामें ठेवलें, इतर गिऱ्हाइकें परत पाठविलीं. त्याचें नुकसान खरें आहे.

या नुकसानीची मर्यादा कोणती, याविषयीं करार कायद्याचें ७४ वें कलम आहे. करारांत दंडाची रक्कम ठरविलेली असली तरी वाजवी भरपाईपेक्षां अधिक मिळत नाहीं, असा त्याचा आशय. मौला बक्ष यांच्या खटल्यांत १९६९ सालीं सर्वोच्च न्यायालयानें सांगितलें कीं इसाराची रक्कम वाजवी असेल तर ती जप्त करणें हा दंड ठरत नाहीं. परंतु तारण म्हणून घेतलेली प्रत्येक रक्कम ही इसार नव्हे, आणि जेथें नुकसान मोजतां येतें तेथें तें सिद्ध केलें पाहिजे. पुढें ९ जानेवारी २०१५ रोजीं कैलासनाथ असोसिएट्स विरुद्ध दिल्ली विकास प्राधिकरण या खटल्याचा निकाल लागला. तेथें १९८२ सालच्या लिलावांतील एका भूखंडासाठीं भरलेली ७८ लाख रुपयांची रक्कम प्राधिकरणानें जप्त केली होती. पण तोच भूखंड पुढें प्राधिकरणानें कितीतरी अधिक किमतीस विकला. नुकसान झालेंच नाहीं, मग भरपाई कशाची, असें म्हणून न्यायालयानें ती रक्कम परत देवविली. करारान्वयें इसार जप्त करण्यासही ७४ वें कलम लागू आहे, हेंही त्या निकालानें स्पष्ट केलें.

७८ लाखांस जो न्याय लागू, तो पांच हजारांसही लागू. वरील उदाहरणांतील तरुणानेंच आठ दिवसांनीं माघार घेतली असें समजावें. महिना ९,००० रुपये भाडें म्हणजे दिवसाचे ३०० रुपये. आठ दिवस घर अडकलें त्याचे २,४०० रुपये झाले. मालकानें तेवढे ठेवून २,६०० रुपये परत केले तर दोघांचाही मान राहतो. आणि माघार घेतल्यावर दुसऱ्याच दिवशीं तें घर दुसऱ्यास गेलें असेल तर पुढील दिवसांची भरपाई मागण्यास मालकास तोंड राहत नाहीं. "टोकन परत मिळत नसतें" हें वाक्य दलालांच्या तोंडीं कायद्यासारखें येतें. वस्तुतः तो कायदा नव्हे, तो एका पक्षाचा हट्ट आहे. न्याय प्रत्येक वेळीं घडलेल्या नुकसानीकडे पाहून ठरतो.

हें सर्व सिद्ध करण्यास पावती हवी, आणि नेमकी तीच दिली जात नाहीं. या संवयीमागें कांहीं इतिहासही आहे. मुंबई इलाख्यांत १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्यानें पागडी घेणें हा गुन्हा ठरविला होता. पागडी तरीही घेतली जाई. पण तिची पावती कोण देणार? पावती म्हणजे गुन्ह्याची लेखी कबुलीच. भाडेव्यवहारांत कागदाला भिण्याचें वळण अशा रीतीनें पडलें. पुढें महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायदा, १९९९ हा ३१ मार्च २००० पासून अमलांत आला, आणि त्यानें मालकास अधिमूल्य घेण्याची मुभा दिली. आज टोकन घेण्यांत लपविण्यासारखें कांहींच नाहीं. मग जो पावती देण्यास कचरतो, त्याच्यापाशीं लपविण्यासारखें दुसरें कांहीं आहे काय, असा संशय घेण्यास जागा राहते.

पावती मोठी असावयास नको. घराचा नेमका पत्ता. रक्कम व तारीख. ती मालकासाठीं घेतली कीं स्वतःकडे ठेवली. करार कोणत्या दिवसापर्यंत व्हावयाचा. आणि कोणी माघार घेतली असतां किती रक्कम किती दिवसांत परत करावयाची, एवढ्या पांच गोष्टी वहीच्या अर्ध्या पानावर मावतात. लिहून देण्यास दलाल तयार नसेल तर भाडेकरूनें स्वतःच मोबाइलवर तो मजकूर पाठवावा, त्याचें "ठीक आहे" असें उत्तर घ्यावें, आणि मगच पैसे द्यावे. क्रम महत्त्वाचा आहे. पैसे देण्यापूर्वीं लिहून मागणारा मनुष्य सावध दिसतो. पैसे दिल्यावर मागणारा याचक होतो. रोख देण्यापेक्षां बँकेमार्फत किंवा यूपीआयनें द्यावे, आणि सोबतच्या टिपणाच्या जागीं "अमुक खोलीचें टोकन" असें लिहावें.

पुढचा करारही तोंडी ठेवूं नये. १९९९ च्या कायद्याच्या ५५ व्या कलमाप्रमाणें भाड्याचा किंवा लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी व नोंदणीकृत असावा लागतो, आणि ती जबाबदारी मालकाची आहे. तो नोंदविला नाहीं तर अटींविषयीं भाडेकरूचें म्हणणें, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत, खरें धरलें जातें. मालकास तीन महिन्यांपर्यंत कैद, पांच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊं शकतात. नोंदणी टाळण्याचा सल्ला देणारा दलाल मालकाचाही हितकर्ता नव्हे.

आतां पैसे अडकलेच असतील तर काय करावें? प्रथम रागाचे फोन थांबवून एक शांत पत्र लिहावें. कोणत्या तारखेस, कोणत्या घराबद्दल, किती रुपये, कोणाच्या हातीं दिले. घर कोणत्या कारणानें मिळालें नाहीं. रक्कम पंधरा दिवसांत कोणत्या खात्यावर जमा करावी. आणि न केल्यास पुढें काय केलें जाईल, एवढेंच त्यांत असावें. पत्र स्पीड पोस्टानें पाठवून पोहोच जपून ठेवावी, आणि एक प्रत घरमालकासही पाठवावी. पुष्कळ मालकांना आपल्या नांवावर टोकन घेतलें गेल्याची वार्ताही नसते, आणि मालकाचा एक फोन जें करतो तें भाडेकरूच्या वीस फोनांनीं होत नाहीं.

पत्रानें काम झालें नाहीं तर दार कोणतें ठोठवावें, याविषयीं गैरसमज फार आहेत. महारेराकडे तक्रार करावी असें पुष्कळांस वाटतें. पण २०१६ चा तो कायदा घरांच्या विक्रीसाठीं आहे, आणि भाड्यानें घर घेणाऱ्यास त्यांतील ग्राहकाच्या व्याख्येंतून स्पष्टपणें वगळलेलें आहे. पोलिसांकडे धांव घेतली तर हा दिवाणी मामला आहे असें उत्तर बहुधा मिळतें. तें नेहमींच चूक नसतें. कारण फसवणुकीच्या गुन्ह्यास आरंभापासूनच लबाडीचा हेतु दिसावा लागतो. घर दलालाच्या हातीं नव्हतेंच, किंवा एकाच घराचें टोकन अनेकांकडून घेतलें, असें दाखवितां आलें तर मात्र भारतीय न्याय संहितेच्या ३१८ व्या कलमाचा आधार घेतां येतो.

सामान्य मनुष्यास अधिक सोयीचें दार ग्राहक आयोगाचें आहे. दलाल मोबदला घेऊन किंवा कबूल करून घेऊन सेवा देतो, म्हणून त्याच्या सेवेंतील उणीवेबद्दल २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखालीं जिल्हा आयोगाकडे तक्रार करतां येते. पांच लाख रुपयांपर्यंतच्या मोबदल्यासाठीं फी नाहीं, वकील असलाच पाहिजे असें नाहीं, आणि तक्रारदार जेथें राहतो किंवा काम करतो तेथील आयोगाकडेही दाद मागतां येते. बोईसर सोडून गेलेल्यास ही तरतूद मोठ्या उपयोगाची आहे. मुदत दोन वर्षांची. दिवाणी दाव्यास सामान्यतः तीन वर्षांची मुदत असते. तत्पूर्वीं १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर सल्ला मिळूं शकतो.

आणखी एक दार आहे, तें या भागांतील लोकांना विशेषच जवळचें. १९८७ च्या विधि सेवा प्राधिकरण कायद्याच्या १२ व्या कलमाप्रमाणें स्त्रिया, अनुसूचित जाति व जमाति, आणि औद्योगिक कामगार यांना उत्पन्नाची अट न लावतां मोफत विधि साहाय्य मिळण्याचा हक्क आहे. ज्या जिल्ह्यांत आदिवासी वस्ती मोठी आणि कारखान्यांचे कामगार पुष्कळ, तेथें टोकन गमावलेल्यांपैकीं अनेकजण या हक्काच्या कक्षेंत सहज येतात. दावा न लावतांही लोकन्यायालयापुढें तडजोडीसाठीं अर्ज करतां येतो. तेथें दोघांच्या संमतीनें झालेला निवाडा दिवाणी हुकूमनाम्याइतकाच बंधनकारक असतो, आणि त्यावर अपील नाहीं.

दुसऱ्या देशांनीं हा प्रश्न कसा सोडविला तेंही पाहण्यासारखें आहे. इंग्लंडांत १ जून २०१९ पासून लागू झालेल्या कायद्यानें घर राखून ठेवण्याची रक्कम एका आठवड्याच्या भाड्यापुरती मर्यादित केली. करारास सामान्यतः पंधरा दिवसांची मुदत दिली. मालकानें माघार घेतल्यास सात दिवसांत पैसे परत केले पाहिजेत. आणि भाडेकरूनें माघार घेतली किंवा खोटी माहिती दिली म्हणून ते ठेवून घ्यावयाचे असतील तर कारण लेखी कळविलें पाहिजे. त्यांत चमत्कार कांहींच नाहीं. किती, केव्हांपर्यंत आणि कोणत्या कारणानें, या तीन गोष्टी अगोदर ठरवून टाकल्या, एवढेंच. भारतांत २०२१ सालीं केंद्र सरकारनें आदर्श भाडेकरार कायद्याचा मसुदा मंजूर करून राज्यांकडे पाठविला. त्यांत राहत्या घराच्या अनामतीस दोन महिन्यांच्या भाड्याची मर्यादा सुचविली आहे. परंतु असा कायदा जेथें राज्य स्वीकारील तेथेंच तो लागू होणार.

कायद्यानें जें अद्याप लिहिलें नाहीं तें दोन माणसांना अर्ध्या पानावर लिहून घेतां येतें. शहरांतील सुशिक्षित कुटुंबांना या गोष्टीचा संबंध दोन्हीं बाजूंनीं येतो. कोणाचा मुलगा किंवा मुलगी पहिल्या नोकरीसाठीं परगांवीं जात असते. तिला बिछाना आणि डबा बांधून देतांना पावतीविषयींचे हे चार शब्दही सांगावे. आणि कोणाचें स्वतःचें घर बोईसरला किंवा पालघरला भाड्यानें दिलेलें असतें, व किल्ली दलालाकडे असते. त्यानें दलालास एवढेंच विचारावें कीं माझ्या घरावर टोकन घेतलें काय, कोणाकडून घेतलें, आणि घर न दिल्यास तें परत केलें काय. किल्ली ज्याच्या विश्वासावर सोंपविली, त्यानें त्या किल्लीच्या बळावर कोणाचे पैसे अडकवून ठेवले तर दोष एकट्या दलालाचा राहत नाहीं.